पाण्यातल्या मावशीची ओ

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी केली, भांडकुदळ प्रवाशांना दटावलं, पण पुलावर पाणी दिसलं रे दिसलं की ड्रायव्हरच्या आधी माझा हात घंटीच्या दोरीकडे जायचा. पाण्याची ही भीती लहानपणापासूनची. आणि तरीही माझं सगळ्यात लाडकं पुस्तक पाण्याचंच होतं.

ते पुस्तक बाबांनी आणलं. बाबा गोंदिया जंक्शनवर गाड्यांचे डबे झाडायचे. हावड्याकडून आलेल्या एका गाडीत, बर्थखाली, त्यांना ते सापडलं. जमा करायला गेले तर साहेब म्हणाले, "ले जाओ, बच्चे को दे दो." जाड कागदाची आठ पानं, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. त्यातलं एक अक्षरही आमच्या घरात कोणाला वाचता येईना. शाळेतले गुरुजी म्हणाले बंगाली असावं, शेजारी म्हणाला उडिया. माझ्या मायला कुठलीच अक्षरं येत नव्हती, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. तिनं चित्रं पाहिली आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली.

पहिल्या चित्रात तलावाच्या काठावर एक लहान मुलगी होती. मग कमळाची मोठमोठी गोल पानं. मग कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली, केस मोकळे सोडलेली एक बाई, दोन्ही हात पुढे केलेले. माय म्हणायची, ही पोरीची मावशी. तिचं घर पाण्यात आहे. मग मुलगी पानावर पाय टाकते, मग खाली मासे, मग अंधारात दिवे. शेवटच्या चित्रात मुलगी नव्हतीच. नुसतं शांत पाणी आणि काठावर दोन लहान चपला.

"चपला काऊन ठेवल्या?" मी दर वेळी विचारायचो.

"कोनाच्या घरी चपला घालून जातेत का?" माय म्हणायची. "दारात काढून ठेवल्या. पोरगी आत मावशीकडे जेवून राहिली."

मला ते पटायचं. आमच्या घरीही चपला दारातच निघायच्या.

माय तलावात उतरून कमळकाकडी आणि शिंगाडे काढायची आणि बाजारात विकायची. घरी मला बघायला कोणी नसायचं, म्हणून मलाही सोबत जावं लागे. ती पाण्यात आणि मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गळा काढून बसलेला. पुस्तक घरात आल्यावर मात्र फरक पडला. गोष्टीतली मुलगी पाण्यात उतरण्याआधी तीन हाका मारायची, "मावशी वो मावशी, येऊ काय?" माय बजावायची, "ओ आली तं पाय टाकाचा. नाई आली तं घरी जाचा." मीही तसंच करायला लागलो. चपला काठावर ठेवायच्या, तीन हाका मारायच्या, ओ आली की गुडघाभर पाण्यात उतरायचं. एकदा मी विचारलं, आवाज मावशीचा वाटला नाही तर? माय म्हणाली, "पान्यात आवाज बदलते रे. ओ ते ओ."

माय गेली आणि मी पुन्हा पाण्यात पाय घातला नाही. पुस्तक पेटीत पडून राहिलं.

या दिवाळीत मुलगी तिच्या मुलीला घेऊन नागपूरहून आली. बायको वारल्यापासून घरात मी एकटाच, त्यामुळे नात आली की मी शिंगं मोडून वासरांत शिरतो. पोर सहा वर्षांची, तोंड सतत चालू. दोन दिवसांत ती कंटाळली, फोन मागायला लागली, तेव्हा मी मोठ्या ऐटीत पेटी उघडून पुस्तक काढलं. मायची गोष्ट मी तिला शब्द न शब्द सांगितली. तीन हाका सांगितल्या, ओ सांगितली, पाण्यात आवाज बदलतो तेही सांगितलं.

"मावशीला फोन करून विचारायचं ना," ती म्हणाली.

"पाण्यात रेंज नसते."

हे तिला एकदम पटलं. मग रोज दुपारी तेच पुस्तक. चौथ्या दिवशी तीच मला सांगायला लागली, आणि मी एखादी हाक गाळली तर माझ्यावर डोळे वटारायची. खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. वाटत होतं, माय परत ओसरीवर येऊन बसली आहे.

पाचव्या दिवशी दुपारी मुलगी ओसरीवर पुस्तक चाळत होती. "बाबा, हे बंगालीच आहे," ती म्हणाली. "फोन समोर धरला की हिंदीत सांगतो. बघायचं का, खरी गोष्ट काय आहे ते?"

मी हो म्हटलं. मलाही उत्सुकता होतीच.

पहिली दोन पानं साधी होती. तलाव आहे, मुलगी आहे, कमळं आहेत. तिसऱ्या पानावर, मावशीच्या चित्रावर, फोननं लिहिलं, "यह औरत बच्चों को बुलाती है. इसका कोई घर नहीं है." माझी मुलगी वाचता वाचता थांबली. मग तिनं एकदम शेवटचं पान उघडून त्यावर फोन धरला. दोनच ओळी होत्या.

"चप्पलें मिल गईं. लड़की नहीं मिली."

इतकी वर्षं ज्या चित्रात मी जेवायला बसलेली मुलगी पाहत होतो, त्यातली मुलगी बुडाली होती. मुलांनी एकट्यानं पाण्याकडे जाऊ नये म्हणून कोणीतरी ते पुस्तक काढलं होतं, आणि आमच्या घरात त्यातून नेमकी उलटी गोष्ट निघाली होती. आणि मग मला कळलं की घर फार शांत आहे. पाच दिवसांत इतकं शांत ते झालं नव्हतं.

मी दाराकडे पाहिलं. माझ्या चपला होत्या, मुलीच्या होत्या. नातीच्या गुलाबी चपला नव्हत्या.

"अगं, पोर कुठे आहे?"

"शेजारी असेल," मुलगी म्हणाली, पण ती उठली होती. ती शेजारच्या अंगणाकडे धावली. मी तलावाकडे. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तलाव घरापासून दोन शेतं सोडून आहे. धान कापायला आलेलं होतं, बांध अरुंद, माझे गुडघे कुरकुरणारे. मी किती वेळा घसरलो ते आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. उन्हाळ्यात गाळ काढायला जेसीबी तलावात उतरला होता आणि धुण्याच्या दगडापुढची सगळी माती उचलून गेला होता. मायच्या काळी तिथे हळूहळू उतार होता. आता दगडाच्या पुढे एकदम दोन पुरुष पाणी, आणि वर कमळाची पानं अशी दाट पसरलेली की खाली जमीनच आहे असं वाटावं.

पाळ चढलो आणि पहिल्यांदा चपला दिसल्या. एकीशेजारी एक, नीट जुळवून ठेवलेल्या. कोणाच्या तरी दारात ठेवाव्यात तशा.

पोर खाली दगडावर उभी होती. पाठ माझ्याकडे. पायाची बोटं पाण्याच्या अगदी कडेला, आणि पुढे वीतभर अंतरावर पहिलं पान.

"मावशी वो मावशी, येऊ काय?"

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडून काय होणार होतं? ओ ते ओ. आवाज कोणाचाही असला तरी चालतो, हे मीच तिला शिकवलं होतं. माझं "अगं" तिला ओ वाटलं तर? तोंडावर हात दाबून मी पाळ उतरायला लागलो. चपला काढल्या, आवाज होऊ नये म्हणून. पायाखालचे खडे रुतत होते.

"मावशी वो मावशी, येऊ काय?"

दुसरी हाक. मी अजून वीसेक पावलं लांब. तेवढ्यात मला पलीकडच्या काठावर एक बाई दिसली. वाकून कपडे आपटत होती. मी हात हलवून तिला खुणा करायला लागलो, गप्प राहा, गप्प राहा. तिची मान खालीच.

पोरीनं तिसरी हाक मारायला तोंड उघडलं आणि जवळच्या बिरसी विमानतळावरचं एक शिकाऊ विमान नेमकं डोक्यावर आलं. रोज दिवसभर ती विमानं घिरट्या घालतात आणि रोज मी त्यांच्या आवाजाला शिव्या देतो. त्या घरघरीत तिची हाक बुडाली. मी पळालो. ती मान वर करून विमानाकडे बघत होती. ते लांब जावं तसा मी जवळ येत होतो, सात पावलं, पाच पावलं, आणि मग सगळं शांत झालं आणि तिनं राहिलेली हाक पुन्हा घेतली, या वेळी जोरात.

पलीकडची बाई सरळ झाली. कपाळावरचे केस मागे सारले.

"ओऽऽ!" ती म्हणाली.

पोरीनं पाय टाकला.

पान तिच्या पायाखालून असं गेलं की जणू तिथे काही नव्हतंच. मी उडी मारली की पडलो, मला सांगता येणार नाही. हाताला फ्रॉक लागला. एक हात दगडाच्या कडेला, एका हातात फ्रॉक, पाणी माझ्या छातीपर्यंत, आणि पायाखाली काही नाही. काहीच नाही. ते मी अजून विसरलो नाही. मग गुडघा दगडावर आपटला आणि मी तिला ओढून वर काढलं.

ती खोकली, पाणी ओकली, आणि रडली. तिचं ते रडणं मी कान भरून ऐकलं.

"काऊन उतरलीस?" मी ओरडलो. "काऊन उतरलीस गं?"

"ओ आली ना, आबाजी!" ती हुंदके देत म्हणाली. "तीनदा विचारलं मी. ओ आली."

पलीकडची बाई काठाकाठानं धावत आली. "का झालं जी? मलेच हाक मारली ना पोरीनं? मले वाटलं कोनी आपलंच आहे." तिची काय चूक? आमच्याकडे मावशी म्हणून कोणी हाक मारली तर कोणतीही बाई ओ देईल. न देणं वाईट दिसतं.

मुलगी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबा, ते पुस्तक चुलीत घाला." मी घालणारही होतो. पुस्तक हातात घेऊन चुलीपाशी बसलो आणि पुन्हा एकदा ते तिसरं पान उघडलं. कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली बाई, हात पुढे केलेले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी लहानपणी हाका मारायचो तेव्हा ओ कोण द्यायचं? माय द्यायची. ती पानांमध्ये कमरेइतक्या पाण्यात उभी असायची, पायानं तळ चाचपडून बघायची, आणि मी जिथे पाय टाकणार तिथली जमीन घट्ट आहे अशी खात्री झाली की मगच ओ द्यायची. कित्येकदा तिसऱ्या हाकेलाही ओ यायची नाही आणि मी मुकाट परत फिरायचो. मला वाटायचं, मावशी घरी नाही. पलीकडे तिच्यासोबतच्या बायका असायच्या, कधी तिच्याऐवजी त्यांतली एखादी ओ द्यायची, म्हणून तर पाण्यात आवाज बदलायचा. मायला वाचता येत नव्हतं, पण त्या चपलांचं चित्र तिला कळलं नसेल असं मला आता वाटत नाही. तिला सगळं कळलं होतं. मला पाण्याजवळ नेल्याशिवाय तिचं पोट चालत नव्हतं, म्हणून तिनं त्या बाईची जागा स्वतः घेतली. मी मात्र नातीला नुसती गोष्ट दिली. ओ द्यायला पाण्यात कोणालाच उभं केलं नाही. याची मला इतकी लाज वाटली की चुलीपुढे बसून मी रडलो.

पुस्तक जाळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला म्हटलं, पोरीचा हात घट्ट धर आणि चल. तलावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे जेसीबी पोचला नव्हता, तिथे मी धोतर खोचून पाण्यात उतरलो. घोटे, गुडघे, मांड्या. तळाचा चिखल बोटांमधून वर येत होता आणि कमळाचे देठ पोटऱ्यांना लागले की वाटायचं कोणी तरी धरलं. कमरेपर्यंत गेलो आणि वळून उभा राहिलो.

पोरीनं आपण होऊन चपला काढल्या. आईचा हात न सोडता काठाशी आली. पहिली हाक मारली. दुसरी मारली. मी पायानं तळ चाचपडत होतो. जमीन घट्ट होती. तिसरी हाक आली.

"ओ," मी म्हणालो.

तिनं पाय उचलला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"आबाजी, तुमचा आवाज कापून राहिला," ती म्हणाली. "मी नाही येत."

"नको येऊ," मी म्हणालो.

तिनं चपला परत पायात घातल्या, आणि मी बाहेर येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.