काळीकाकीच्या काकडीला बोट

कमूला इंग्रजी येत नव्हतं आणि तिला तेच शिकवायचं होतं. यात तिचं एकटीचं काही नवल नव्हतं म्हणा. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा आमच्या मोखाडा तालुक्यातल्या कितीतरी गुरुजींची हीच गत होती. फरक एवढाच, की ते मिशीत तोंड लपवायचे आणि कमू येऊन विचारायची. मला अशी माणसं आवडतात. न विचारणाऱ्यांचा मला भारी राग येतो.

मी तेव्हा पोशेऱ्याच्या शाळेत होते. कमू वरच्या वस्तीतली. जव्हारच्या वसतिगृहात राहून बारावी झालेली वस्तीतली पहिली मुलगी. नर्सिंगला अर्ज केला, नंबर लागला नाही. पोलीस भरतीला गेली, पळताना घोट्यात पाय मुरगळला. परत येऊन भात लावत होती, तेवढ्यात वस्तीशाळा मंजूर झाली आणि शिकवायला वस्तीतलंच माणूस हवं म्हणून ती बाई झाली. शाळा म्हणजे वस्तीतल्या पुंजाच्या घराची पडवी. कुडाच्या भिंती, एक फळा, बाकी काही नाही. पण त्या पडवीची किंमत वस्तीला ठाऊक होती. पोशेऱ्याच्या वाटेवर ओढा आहे, तो पावसाळ्यात उतरू देत नाही. पडवी नव्हती तेव्हा पोरं पावसाळाभर घरी बसायची आणि बसता बसता शाळाच विसरायची.

शनिवारी शाळा सुटली की कमू ओढ्याचा अंदाज घेऊन माझ्याकडे उतरायची. चहा व्हायचा, मग व्याकरण. एकदा ती मर्यादा घालणाऱ्या विशेषणांपाशी अडली. मी म्हटलं, अगं, बिग, रेड, स्वीट ही विशेषणं गुण सांगतात. ही दुसरी जात गुणाबद्दल अवाक्षर काढत नाही. धिस, दॅट, माय, युअर, सम, एव्हरी... कुठली वस्तू, कोणाची, किती, एवढंच सांगून गप्प बसतात.

तिने ते सगळे शब्द वहीत उतरवून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे बांधासारखं, बाई. जमीन चांगली का वाईट ते बांध नाही सांगत. कोणाची, कुठवर, तेवढं सांगतो."

मी इतकी वर्षं शिकवत होते, पण मला हे सुचलं नव्हतं. तिला तसं सांगितलंही, आणि ती लाजून चहाचे कप विसळायला पळाली.

पुढे तिने ते सगळं दगडांवर शिकवलं. पायाजवळचा दगड धिस स्टोन, अंगणापलीकडचा दॅट स्टोन. पहिलीतली छोटी माघी तर रस्त्याने जातानाही दगडांना धिस-दॅट म्हणत जायची. सगळं छान चाललं होतं आणि श्रावणात निरोप आला, की शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार. कोणत्या वस्तीशाळा ठेवायच्या आणि कोणत्या बंद करायच्या ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. वाट दाखवायला मला त्यांच्याबरोबर धाडलं.

साहेब माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. चिखल तुडवत आला, कुरकुर केली नाही, पोरांशी हसून बोलला. दगडांचा धडा ऐकला, मान डोलावली. मग म्हणाला, पाठ केलेलं नको, आता मी विचारतो. पडवीसमोर शेजारच्या काळीकाकीचा मांडव होता. त्यावर काकडीचा वेल चढलेला आणि नुकत्या धरलेल्या कोवळ्या काकड्या लोंबत होत्या. साहेबांनी माघीला विचारलं, त्यातल्या एका काकडीला बोट दाखव आणि ही की ती, ते इंग्रजीत सांग.

माघीने हात मागे नेला. दुसऱ्याला विचारलं, त्याने मूठ वळून, दुमडलेलं बोट कसंबसं पुढे केलं आणि खाली बघितलं. तिसरा तर रडायलाच लागला.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वेलावरच्या कोवळ्या फळाला आमच्याकडे कोणी सरळ बोट दाखवत नाही, दाखवायचंच तर दुमडून. सरळ दाखवलं की ते सडतं. आणि ती काकडी म्हणजे काळीकाकीचा मोखाड्याचा बाजार होता, तेल-मीठ त्याच्यावर यायचं. कमूने हे सांगितलं तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "म्हणजे शाळेत तुम्ही हे शिकवता?"

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी बीएड झालेली बाई, माझ्या परसातल्या भोपळ्याला मी आजही बोट दाखवत नाही, मग कमूला काय बोलू?

साहेब म्हणाले, ठीक आहे, मुलं राहू देत, तुम्ही दाखवा. कमूने फळ्याला हात टेकला. बोट उचललं तर काकीचं नुकसान आणि वस्तीत तोंड दाखवायला जागा नाही. नाही उचललं तर शाळा गेली. मला इतका संताप आला, साहेबांचा, काकडीचा, त्या ओढ्याचासुद्धा.

काळीकाकी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिचं शाळेशी कधी पटलं नव्हतं. पोरांचा गलका ऐकून कितीदा कमूला बोल लावलेला. सूप खाली ठेवून ती अंगणात आली आणि काय झालं म्हणून मला विचारू लागली. मी सांगितलं. तिने एकदा वेलाकडे बघितलं, एकदा माघीकडे. मग कमूला म्हणाली, "दाखव गं बोट. सडली तं सडली. पोरा घरी नको बसाया."

कमूने बोट सरळ केलं. ते काकडीवर रोखून मोठ्याने म्हणाली, दॅट क्युकंबर. मग माघीने दाखवलं. मग सगळ्यांनी. दोज क्युकंबर्स, सम क्युकंबर्स, एव्हरी क्युकंबर. एकाही पोराचं चुकलं नाही. काकी मात्र वेलाकडे पाठ करून उभी राहिली होती, तिला बघवत नव्हतं.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आम्ही ओढ्याकडे निघालो. दिवाळीच्या आत कळलं, की वस्तीची शाळा राहणार. कमू पुढे बरीच वर्षं तिथेच शिकवत राहिली, नंतर कायमही झाली.

पण त्या वर्षी भाद्रपदात पाऊस थांबायचं नाव घेईना आणि काकीच्या वेलावरच्या काकड्या खरंच सडल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. पावसाने सडल्या, हे मला कळतं. कमूलाही कळत होतं. तरी ती घरातले तांदूळ फडक्यात बांधून काकीकडे गेली, मला सोबत घेऊन. पाया पडली आणि तिथेच रडायला लागली, उठेचना.

काकीने तांदूळ घेतले नाहीत. तिला जवळ ओढून बसवलं, पदराने तिचं तोंड पुसलं. म्हणाली, "दर साल सडतात, पोरी. कशापायी सडल्या ते मना कधी ठावं नव्हता. औंदा ठावं हाय, पोरांच्या शाळेपायी."