विनिताने भरवलेली गावकी

किहीमच्या समुद्रावर कोणाचं लग्न निघालं की बागमालक डोळे मिटून एकच नंबर द्यायचे, विनिता घरतचा. मांडव, फुलं, जेवणखाण करणारे पुष्कळ होते. विनिताचं काम निराळं होतं. लग्नाला जे येऊ शकत नाहीत, त्यांना ती लग्नात आणून बसवायची.

हे कसब तिला कोणी शिकवलं नव्हतं. बारावी झाल्यावर ती तिथल्याच एका कॉटेजवर रिसेप्शनला लागली. टाळेबंदीच्या साली बागेत एक लग्न झालं. मोजकी माणसं, आणि नवरीची आजी तिकडे नागपुरात अंथरुणाला खिळलेली. मालकानं विनिताच्या हातात फोन दिला, म्हणाला, "आजीला दाखव सगळं." विनितानं हात भरून येईस्तोवर फोन धरून दाखवलं. शेवटी हौसेनं विचारलं, "आजी, दिसलं ना नीट?"

"दिसलं गं बाई," आजी म्हणाली. "पण मला कोणी काही विचारलंच नाही."

ते बोलणं विनिताला लागलं. पुढच्या लग्नात तिनं नवऱ्यामुलाच्या दुबईतल्या मावशीकडून मंगलाष्टकातलं एक कडवं म्हणवून घेतलं. आदल्या दिवशी तालीम घेतली, मावशीच्या घरातला पंखा बंद करायला लावला, मांडवातले स्पीकर पुढं ओढले. मावशीचा आवाज नारळींतून घुमला तेव्हा अख्खा मांडव पडद्याकडं वळला, आणि मावशी तिकडं अक्षता हातात धरून रडत होती. विनिताला त्या दिवशी आपला धंदा सापडला.

मग ती चुकत-माकत तयार झाली. चित्र थोडं अंधुक असलं तर माणूस चालवून घेतो, आवाज तुटला की उठून जातो, हे तिला कळलं. एकाच कंपनीच्या नेटवर विसंबायचं नाही, हेही एका साखरपुड्यात तोंड पोळल्यावर कळलं. नवरा परेश लाउडस्पीकरच्या धंद्यातलाच होता. वायरी, माइक, जनरेटर त्यानं सांभाळायचं आणि माणसं विनितानं, अशी वाटणी झाली. मग कंपन्यांची शिबिरं आली, डॉक्टरांची संमेलनं आली. विनिता घाबरेनाशी झाली.

आणि मग एके दिवशी तिच्या माहेरचे बाबाजी पाटील किहीमला आले.

माहेर म्हणजे शिरवखार, पेणच्या बाजूला खाडीकाठी. गावाची सगळी भातशेती खारबांधाच्या आत. बांध उभा आहे तोवर भात, बांध फुटला की समुद्र. दोन पावसाळ्यांपूर्वी उधाणाच्या भरतीनं बांधाला भलं मोठं भगदाड पाडलं होतं, आणि तेव्हापासून शेतात खारं पाणी खेळत होतं. अशात कोळंबीची तळी करणारी एक कंपनी आली, म्हणाली, सगळी जमीन भाड्यानं द्या. गावात दोन तट पडले. एक म्हणे देऊन टाकू, दुसरा म्हणे बांध घालू. पण जमिनीचे निम्मे खातेदार गावात होतेच कुठं? कोणी उलव्याला, कोणी डोंबिवलीत, कोणी मस्कतला, कोणी ट्रक घेऊन गुजरातच्या वाटेवर.

गावकीचा चिटणीस धनेश यानं सभा बोलावली होती. दूरच्यांसाठी त्यानं आपला फोन देवळाच्या खांबाला टेकवून ठेवला. दूरच्यांना काय ऐकू आलं? पंख्याची घरघर आणि कुत्र्याचं भुंकणं. त्यांनी लिहून पाठवलेलं कोणी वाचलं नाही. गप्प ते राजी, असं धरून जमीन देण्याचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी फोनाफोनी, शिव्याशाप, "आमी काय मेलो काय?" असं सुरू झालं आणि ठराव रद्द करावा लागला.

गावकीचे अध्यक्ष असलेले बाबाजी हे सगळं सांगून चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "विनू, आता तूच भरव सभा. न्हायतर गाव फुटंल."

"भरवते," विनिता म्हणाली. "पण माझ्या पद्धतीनं. वेळ मी ठरवणार. आणि बाबाजीकाका, दूरचा माणूस हा बघ्या नाही. तो सभेत बसलाय असंच धरायचं. ज्याच्याकडं बोलायची पाळी आहे त्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय मत घ्यायचं नाही, मग तो देवळात असो की मस्कतला. हे सगळ्यांना आधी सांगा. कबूल?"

बाबाजींनी मान डोलावली. "तुझा बाप भाड्यानं द्या म्हनतो, ठावं हाय ना?"

"ठावं हाय."

विनिताचा बाप हिरामण एका डंपरचा मालक. तो साफ बोलायचा, की चिखलात राबण्यात आता काही उरलं नाही, द्या जमीन आणि सुटा. लेक सभा भरवणार म्हटल्यावर तो खूष झाला. विनितानं त्याला त्याच दिवशी फोन करून सांगितलं, "बाबा, त्या दिवशी मी कोणाची लेक न्हाय. सातबाऱ्यावर माझं नाव असलं तरी मी मतही देणार न्हाय." हिरामण हसला. त्याला ती थट्टाच वाटली.

विनितानं शनिवारची दुपार निवडली. मस्कतवाल्यांना त्या दिवशी सुटी, आणि खाडीला ओहोटी. ओहोटी कशाला, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. दूरच्या प्रत्येकाशी तिनं आधी एकेकदा बोलून घेतलं. माइक कसा बंद करायचा, कसा उघडायचा, बोलायचं असलं तर काय करायचं. ट्रकवाल्या साहिलला तिनं बजावलं, "गाडी बाजूला लावूनच सभेत ये. तुझा हॉर्न वाजला तर मीच तुला बाहेर काढीन." आणि प्रत्येकाकडून तिनं दोन नंबर घेतले, एक स्वतःचा, एक शेजारपाजारचा.

सगळ्यात जास्त वेळ लागला कमळकाकूला. कमळ ही विधवा बाई, आता उलव्याला लेकीकडं, अमिषाकडं राहायची. भगदाड पडलं होतं ते नेमकं तिच्या शेताच्या तोंडाशी.

"मागल्या सभंत मी बोलतच व्हते," काकू फोनवर तणतणली. "घसा सुकला माजा. त्या मेल्यांना आयकूच न्हाय गेला."

"तुमचा आवाज बंद होता, काकू. या वेळी अमिषाला शेजारी बसवा. आणि शेजारच्या घरातला एक नंबर द्या मला."

"देते. पन मी काय बोलनार ते इचारू नको."

"विचारणारच नाही."

सभेच्या दिवशी देवळाच्या सभामंडपात मोठा पडदा लागला. तो समोर न लावता विनितानं बाजूला लावला, गावकऱ्यांच्या रांगेतच, जणू आणखी एक बाक मांडलाय. पडद्याशेजारी तिनं काशीला बसवलं. काशी अंगणवाडीतून निवृत्त झालेली, आवाज असा की हाक मारली तर खाडीपल्याडची होडी वळावी. तिच्या हातात टॅब दिला. "दूरच्या कोणी हात वर केला की तू उठून उभी राहायचं. लिहून आलं तर मोठ्यानं वाचायचं."

"आनि कोन आयकला न्हाय तर?"

"तुला न ऐकणारा माणूस आपल्या गावात जन्मायचाय अजून."

बाबाजींनी नारळ फोडला आणि सभा सुरू झाली. पहिल्यांदा विनितानं परेशला बांधावरून दाखवायला सांगितलं. तो कॅमेरा घेऊन चिखलात भगदाडापाशी उभा होता. ओहोटीनं पाणी उतरलं होतं, त्यामुळं सगळी जखम उघडी पडली होती. फुटलेल्या बांधाच्या दोन कडा, आणि मधे पाण्यानं कोरून काढलेला खोल डोह. दूरच्यांनी फोटो पाहिले होते, पण परेश डोहाच्या कडेकडेनं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं निघाला आणि चालतच राहिला, तेव्हा पडद्यावरची तोंडं पुढं झुकली. काशी उठली. "मस्कतचा सदा बोलतोय!"

"एवढा मोठा हाय?" सदा म्हणाला. "आमाला वाटला, चार टोपल्या माती टाकली का झाला."

मग खरी बोलणी सुरू झाली. एकच माइक होता, तो ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं. धनेशनं सरळ मांडलं, की डोह एवढा खोल आहे की जुन्या जागी बांध टिकणारच नाही. बांध आत वळवून घ्यावा लागेल, आणि तो कोणाच्या तरी शेतातून जाईल. कोणाच्या, हे त्यानं सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि विधवा बाईकडं जमीन मागायची कोणाची छाती होत नव्हती. तेवढ्यात हिरामण उठला. छान बोलला तो. कष्टाचे हिशेब, पोरांचं शहरात जाणं, खाऱ्या मातीचा कंटाळा. माना डोलायला लागल्या. पडद्यावरच्याही.

"कमळकाकूचा हात वर हाय!" काशी ओरडली.

पडद्यावर कमळकाकू आली. नऊवारी, डोक्यावर पदर, बाजूला अमिषा. "मना येक सांगायचा हाय," ती म्हणाली, "त्यो बांध हाय ना, त्यो..."

आणि तिची चौकट काळी झाली. मग पडद्यावरून नाहीशीच झाली.

बाकी सगळे जागच्या जागी होते. एकटी कमळ दिसेनाशी झाली होती, म्हणजे बिघाड उलव्याकडचा होता. थोडा वेळ वाट पाहिली, मग कुजबुज वाढली. हिरामण बसल्या जागेवरून म्हणाला, "आता घ्या मत. येका मान्सासाठी गाव थांबनार काय?" चार जणांनी री ओढली. बाबाजींनी विनिताकडं पाहिलं.

विनिताला समोर दिसत होतं, आत्ता मत घेतलं तर ठराव बापाच्या बाजूनं होणार. बाप तिच्याकडंच बघत होता. तिला हेही ठाऊक होतं, की रात्रीचं जेवण माहेरीच ठरलंय.

ती माइक घेऊन उभी राहिली. "मत आत्ता होणार नाही. बोलायची पाळी कमळकाकूची आहे. काकू देवळात उभी असती आणि तिला ठसका लागला असता, तर पाणी दिलं असतं ना? की मत घेतलं असतं? चहा घ्या सगळ्यांनी."

"विनू!" हिरामण म्हणाला.

"बाबा, चहा घ्या."

तिनं अमिषाचा फोन लावला, लागेना. मग शेजारणीचा लावला. शेजारीण तशीच अमिषाकडं धावली असावी, कारण विनिताला फोनमधून दार ठोठावल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूचा, "कोन हाय गो?" विनितानं फोन माइकला लावला. कमळचा आवाज सभामंडपभर झाला. तोंड दिसत नव्हतं, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

"त्यो बांध माज्या शेतातून जानार, ठावं हाय मना. तुमी मना इचाराला लाजताव. मी सांगते, घाला. माज्या मालकानं बांध राखन्यात हयात घालवली. त्याच्या शेतात बांध आला त त्याला काय वाईट वाटनार न्हाय. पन फुकट न्हाय देनार! देवलाम्होरल्या गावकीच्या तल्यान जिताडा सोडाचा हक्क माज्या अमिषाला पायजे. तिच्या मागारी तिच्या पोरींना. व्हय म्हना, न्हायतर सोडा."

जिताडा म्हणजे इथली मानाची, महागडी मासळी; गावकीच्या तळ्यात त्याची पिल्लं सोडायची आणि वाढली की विकायची. सभामंडपात आधी कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, पण टिंगल म्हणून नव्हे. बाई घासाघीस करतेय म्हणजे बाई खरंच देतेय, हे सगळ्यांना कळलं होतं. साहिलनं ट्रकमधून हात वर केला, काशी उठली. "साहिल बोलतो, सुटी टाकून श्रमदानाला येतो. सदा लिवतो, मी न्हाय येऊ शकत, पन माजा भाऊ येल."

मत एकेकाचं नाव पुकारून घेतलं. देवळातलं एक, दूरचं एक, पुन्हा देवळातलं, असं आलटून पालटून, म्हणजे कोणालाच आपण शेवटी उरलो असं वाटू नये. बांधाच्या बाजूनं ठराव झाला, कमळच्या अटीसकट. हिरामणनं विरोधात मत दिलं आणि ते मोठ्यानं दिलं. विनितानं आपलं नाव पुकारू दिलं नाही.

रात्री माहेरी हिरामण लेकीसोबत जेवायला बसला. आईनं ताटात सुकटीची चटणी वाढली. मग तो म्हणाला, "तू मना गावासमोर चहा पाजलास."

"पाजला."

"मी बोललो चांगला ना पन?"

"सगळ्यात चांगलं तुम्हीच बोललात, बाबा. काकू बोलेपर्यंत."

हिरामणनं मान हलवली आणि आणखी भात मागितला.

पावसाच्या आधी बांध उभा राहिला. मुरूम हिरामणच्याच डंपरनं आला, आणि भाडं त्यानं पुरेपूर घेतलं. मत विरोधात होतं ना, असं त्याचं म्हणणं. जमिनीतला खार काही एका पावसात धुऊन निघाला नाही. पहिल्या साली रोप पिवळं पडलं, दुसऱ्या साली बांधाच्या आतल्या बाजूला थोडं भात आलं. कंपनी पुढच्या खाडीला निघून गेली. अमिषा उलव्याहून महिन्यातून एकदा येऊन तळ्यावर चक्कर मारते, आणि कोणी गळ टाकून बसलेलं दिसलं की त्याची हजेरी घेते.

विनिताची लग्नं चालूच आहेत. पण आता तिला निराळे फोनही येतात. मध्यंतरी हरिहरेश्वरकडच्या एका गावातून फोन आला. देवस्थानाचा वाद होता, निम्मे मानकरी मुंबईत, दोघे परदेशात. फोनवरचा माणूस पडदा किती मोठा लागेल, नेट कुठलं चांगलं, हेच विचारत होता.

"ते मी बघते," विनिता म्हणाली. "तुम्ही मला एवढंच सांगा, तुमच्याकडं सभेत गप्प कोण कोण बसतं? त्यांच्याशी मला आधी बोलायचंय."

तिकडं तो माणूस एकेक नाव आठवून सांगू लागला. विनितानं फोन कानाशी धरूनच परेशला खूण केली, गाडी काढ म्हणून.