वरच्या फळीवरचा तेलाचा डबा

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा लग्न होऊन मी बोदवडहून धुळ्याला आले, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की या घराला सून नको होती, पोस्टमन हवा होता. सासरे, म्हणजे नाना, आणि सासू, म्हणजे अक्का, एकमेकांशी बोलत नसत. "नानाले सांग, पाणी तपनं." नाना हाताच्या अंतरावर बसलेले. पाणी तापलं, मी सांगायचे. "तिले सांग, समजनं." मी तेही सांगायचे. डोकं उठायचं माझं.

कारण शेजारणीने सांगितलं. फार वर्षांपूर्वी अक्काची आई चोपड्याला वारली, तो निरोप सकाळीच आला होता. घरी पाहुणे जेवायला होते. पंगत उठल्यावर सांगू, असं नानांनी परस्पर ठरवलं. अक्का पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून तिने बोलणं टाकलं. तिच्या एका शब्दाची वाट बघत नाना म्हातारे झाले होते. तसं ते कधी म्हणाले नाहीत, पण ती खोलीत आली की रेडिओ बारीक करायचे.

मग नानांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. टोपीसुद्धा डाव्या हाताने. वैद्यबुवांनी वात सांगितला. निर्गुडीचा पाला घालून कढवलेलं तिळाचं तेल रोज सकाळी कोमट करून चोळायचं, सांध्यावर गोल, दंडावर लांब, वरून मिठाच्या पुरचुंडीचा शेक. "अंग मोकळं होईल, झोप लागेल, मनही थाऱ्यावर येईल," म्हणाले. मनाचं त्यांनी स्वतःहून घातलं, कुणी विचारलं नव्हतं.

आता चोळणार कोण? नवरा भल्या पहाटे नरडाण्याला कारखान्यात जायचा. मी सून, सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदरसुद्धा ढळू द्यायची सोय नव्हती. उरली अक्का. ती मुकाट्याने बसली आणि कणीक तिंबावी तसा खांदा तिंबला. तेल मात्र दर वेळी आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची, फार कढत नाही ना.

उन्हाळा आला. मे महिन्यात धुळ्यात तेल कोमट करायला स्टोव्ह लागत नाही, अंगणात ठेवलं की झालं. नाना रात्री घोरायला लागले, कातडीवर तुकतुकी आली. खांदा मात्र जिथल्या तिथे. वैद्यबुवा बुचकळ्यात पडले. म्हणाले, अजून चालू ठेवा. नानांनी लगेच मान डोलावली.

एका सकाळी मी तांदूळ निवडत होते. नाना आत आले, उजवा हात सरळ वर केला, वरच्या फळीवरचा तेलाचा डबा उतरवून पाटाशी ठेवला. मग हात लुळा सोडून पाटावर बसले. मी मान वर केली तर दारात अक्का. तिने सगळं पाहिलं होतं. झालं, म्हटलं, आता चोळणंही बंद, आणि ही बाई जन्मात बोलायची नाही.

अक्का येऊन बसली. तेल मनगटावर टाकून पाहिलं.

"कोठे दुखस?" ती म्हणाली. नानांना. मला नाही.

नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "बठ्ठा हात दुखस."

सगळाच हात म्हटल्यावर तिने बोटांपासून सुरुवात केली. मला रडू आवरेना. खडे ताटात ठेवून मी तांदूळच फेकत होते.

दुसऱ्या दिवशी अक्काने मला हाक मारली. "तेलना डबा खालनी फळीवर ठेव," ती म्हणाली. "त्यासना हात वर जात नही."

मी ठेवला.