नानांचं कपाट आणि माझी डिग्री

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा कचेरीही त्यांच्यामागोमाग चोपड्याच्या घरी आली आणि लोखंडी कपाटात ठाण मांडून बसली. शेती, घर, दवाखाना, शिक्षण, लग्न. प्रत्येक विषयाची वेगळी फाईल, वर स्केचपेनने नाव. पाहुण्यांना चहाच्या आधी कपाट दाखवतात.

म्हणूनच मी निर्धास्त होते. धुळ्याच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून माझी निवड झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ डिग्री दाखवली नाही, तर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती. डिग्री माहेरी होती, कारण सासरी नेली तर हरवेल असं नानांनीच ठरवलं होतं. मी धुळ्याहून एसटीने चोपडा गाठलं.

"बठ्ठं जागवर शे," नाना सगळं जागच्या जागी असल्याची ग्वाही देत म्हणाले, पण खुर्चीतून उठले नाहीत. साहेब फाईल मागवतात, काढत नाहीत.

शिक्षणाची फाईल उघडली. त्यात दादा होता, बालवाडीपासून एमएस्सीपर्यंत. लिंबू-चमच्यात भाग घेतल्याचं त्याचं प्रमाणपत्रसुद्धा प्लास्टिकमध्ये जपलेलं. माझा एकही कागद नव्हता. मग 'बंद' लिहिलेली फाईल चाळली. तोडलेल्या वीज मीटरचे कागद, विकलेल्या मोपेडचे कागद आणि रेशनकार्डातून माझं नाव कमी केल्याचा दाखला. इथे मात्र मला विसरले नव्हते.

शेवटी नानांनाच दया आली. "लगननी फाईलमा देख."

तिथे होती. माझी पत्रिका, साडीतला फोटो, बायोडाटा, मंडपवाल्याची पावती, मग डिग्री. माझी प्रथम श्रेणी लग्नात दिलेल्या फ्रिजच्या वॉरंटीला टाचून ठेवलेली.

"सापडनी का नही?" नाना खुशीत म्हणाले.

मला राग आला, चांगलाच आला. "मंग दादान्या डिग्र्या त्याना लगननी फाईलमा का बरं नहीत?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. इतका सोपा प्रश्न त्यांना कचेरीतसुद्धा कोणी विचारला नसावा.

"त्या त्याले नोकरीले लागतस ना," ते म्हणाले.

मी टाचणी काढली. वॉरंटी फाईलीत ठेवली आणि डिग्री पर्समध्ये घालून दाराकडे निघाले.

"काम व्हयनं का परत तठेच ठेवजो," मागून नाना म्हणाले.

मी हो म्हटलं नाही.