नैवेद्याला साखर म्हणत नाहीत

आमच्या कुत्रीचं नाव मी इथे देणार नाही. त्याच नावाच्या एक काकू समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतात आणि माझा त्यांच्याशी एकदा याच कारणावरून वाद झालेला आहे.

कुत्री आणली मुलीने. हिंजवडीत नोकरी लागली, हातात पैसे आले, तशी ती एका शनिवारी स्वेटरमध्ये गुंडाळून एक तपकिरी पिल्लू घेऊन आली. पुढे कंपनीने मुलीला परदेशी ऑनसाइट पाठवलं. कुत्र्याला ऑनसाइट पाठवत नाहीत. त्यामुळे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये उरलो आम्ही चौघं : मी, बायको, माझी आई आणि ती.

आठव्या-नवव्या वर्षी ती पाणी फार प्यायला लागली. भांडं भरून ठेवावं, पाठ वळवावी, की भांडं रिकामं. माझा पहिला संशय बायकोवर. म्हटलं, "अगं, तिच्या भातात मीठ टाकतेस का?" बायको म्हणाली, "तुमच्या आमटीत टाकलेलं तुम्हाला कमी पडतं, तिच्या भातात कशाला टाकू?"

जवळच्या काचेच्या दाराच्या दवाखान्यात नेलं. तिथे कुत्र्यांचे शॅम्पू, कुत्र्यांचे रेनकोट आणि कुत्र्यांच्या वाढदिवसाच्या टोप्या विकायला होत्या. तरुण डॉक्टरने रक्त तपासलं आणि सांगितलं, "डायबेटिस आहे." मी हसलो. आमच्या लहानपणी कुत्र्यांना दोनच आजार होते, खरूज आणि पिसाळणं. बाकीचे सगळे उदारीकरणानंतर आले, असं माझं मत होतं. ज्या दुकानात टोप्या विकतात तिथे आजारही विकत असतील, असं मनात धरून मी कुत्रीला रिक्षात घातलं आणि सदाशिव पेठेतल्या एका जुन्या, वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्याकडे विकायला काहीच नव्हतं. बसायला बाकसुद्धा एकच होतं.

त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला आहे का डायबेटिस?"

"आहे. गोळ्या चालू आहेत."

"तुमचं निदान झालं तेव्हा दुसरीकडे विचारायला गेला होतात?"

"हो."

"वाटलंच." मग कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हिला इन्सुलिन लागेल. सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबर, आयुष्यभर. साखर आटोक्यात राहिली तर मजेत जगेल. नाही राहिली तर पहिल्यांदा डोळे जातील. कुत्र्यांना मोतीबिंदू फार लवकर धरतो. गोड बंद. म्हणजे बंद. तुमच्यासारखं नाही."

डोळे जातील, हे वाक्य मी रिक्षात परत परत ऐकत होतो. ती मात्र बाहेर तोंड काढून कर्वे रोडवरचे सगळे स्कूटरवाले न्याहाळत होती. तिचा सगळा जीव त्या बघण्यातच. बाल्कनीच्या गजांतून ती दिवसभर सोसायटीच्या फाटकावर नजर ठेवायची. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात कसली पिशवी होती, याची माहिती आमच्या सेक्रेटरींपेक्षा तिला जास्त असायची.

सुई मी द्यायला शिकलो. पहिल्या दिवशी मी सुई इतक्या वेळा पुढे-मागे केली की तीच कंटाळून बसली. आठवड्यात सवय झाली. साखरेला मात्र झाली नाही. कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घ्यायचं, मशीनमध्ये घालायचं, आणि आकडा वरच. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. आकडा वरच.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "घरात कोणीतरी हिला गोड घालतंय."

"शक्यच नाही," मी म्हणालो.

"सगळे हेच म्हणतात. फक्त पेशंट काही म्हणत नाही."

त्या दिवसापासून आमच्या घरात तपास सुरू झाला. तपास अधिकारी मी. गुळाच्या डब्याला मी आतून पेन्सिलची खूण केली. बिस्किटांचा डबा माळ्यावर गेला. खाली वॉचमनला दम दिला, तर तो म्हणाला, "साहेब, मी चहाच बिनसाखरेचा पितो." वॉचमननेच असं सांगावं, म्हणजे माझा संशय वाढलाच. समोरच्या काकू येता-जाता तिला हात लावायच्या, म्हणून मी फिरायची वाट बदलली. रोज संध्याकाळी कुत्रीचं तोंड उघडून वास घ्यायला लागलो. आई म्हणाली, "दारू पिऊन आलेल्या पोराचा घ्यावा तसा काय वास घेतोस तिचा?"

बायकोचा संशय माझ्यावर होता. त्याला इतिहास आहे. माझ्या स्वतःच्या साखरेच्या काळात माझ्या स्कूटरच्या डिकीत आंबा बर्फी सापडलेली आहे. ती म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं. सगळ्यांचे डबे तपासताय, आधी स्वतःचे खिसे दाखवा." मी दाखवले. खिशात काही नव्हतं, पण तिने खिसा उलटा करून झटकला तेव्हा माझा थोडा अपमान झाला.

आईवर मात्र कोणाचाच संशय नव्हता. सुईची वेळ झाली की हाक तीच मारायची. "अरे, तिचं टोचायचं राहिलं का?" गोड बंद म्हटल्यावर तिने स्वतःचा संध्याकाळचा लाडूसुद्धा कुत्रीसमोर खाणं सोडलं होतं.

अशा वेळी मुलीचा फोन आला. "बाबा, पेट इन्शुरन्स घ्या ना. इकडे सगळे घेतात. उद्या डोळ्यांचं ऑपरेशन करायची वेळ आली तर?"

विमा म्हटलं की मी दोन पावलं मागे सरतो. विमा कंपनीचा आणि माझा एकमेकांवरचा अविश्वास जुना आणि परस्परपूरक आहे. पण डोळ्यांचं ऑपरेशन हे शब्द डोक्यातून जात नव्हते. मी चौकशी केली. आधीपासून असलेल्या आजाराला विमा मिळत नाही, असं कळलं. मग मी एक धोरण आखलं. खोटं बोलायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. विचारलं, तर थोडं कमी सांगायचं.

बायको म्हणाली, "याला फसवणूक म्हणतात."

"याला मोघम म्हणतात."

"मग फ्रीजमधलं इन्सुलिन सॉसच्या बाटलीमागे का लपवलंत?"

विम्याचे गृहस्थ रविवारी सकाळी स्कूटरवर आले. वय माझ्याएवढंच, अंगात सफारी, बोलणं गोड. मुख्य काम गाई-म्हशींच्या विम्याचं. शहरात आता कुत्र्यांचंही निघतंय म्हणून हेही करतात, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी कुत्रीचे चारी बाजूंनी फोटो काढले. दात पाहिले. कान उलटा करून पाहिला.

"कानाला बिल्ला मारावा लागतो का?" मी विचारलं.

"म्हशीला मारतो, साहेब. नाही तर मेलेली म्हैस एक, विमा दुसरीचा. लोक फार हुशार झालेत." हे बोलताना ते माझ्याकडे का पाहत होते, मला कळेना.

एवढ्यात कुत्री उठली आणि आमच्यासमोर अख्खं भांडं पाणी प्यायली. पिताना सगळ्या हॉलमध्ये तिचा लपलप आवाज येत होता.

"पाणी बरंच लागतं हिला," ते म्हणाले.

"उन्हाळा," मी म्हणालो. मार्गशीर्ष चालू होता.

"आधीचा काही आजार?"

"तसं म्हणजे... वयाप्रमाणे."

"खायला काय देता?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं. "उकडलेली कोंबडी, थोडा भात, दुधी. गोडाचा कणसुद्धा नाही."

"आणि नैवेद्य," देवघराच्या दारातून आई म्हणाली.

गृहस्थ वळले. "कसला नैवेद्य, आजी?"

"खंडोबाचा. रोज दूधसाखर, रविवारी गूळखोबरं. कुत्र्याला दिल्याशिवाय मी पाणी पीत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा नेम आहे. आधी बाहेरच्या कुत्र्याला शोधत फिरावं लागायचं. आता देवाने घरातच दिलंय."

"आमचंही कुलदैवत तेच," गृहस्थ हात जोडून म्हणाले. "येळकोट, आजी."

"येळकोट. पण हल्ली सुई असते ना तिची, म्हणून मी सुईच्या आधी उरकते."

"कसली सुई?"

बायको सॉसच्या बाटलीच्या दिशेने पाहत होती.

मला त्या क्षणी विम्याचं काही वाटलं नाही. दूधसाखरेची ती वाटी मी रोज पाहत होतो. आई पूजा करून उठायची, कुत्री देवघराच्या उंबऱ्याशी बसलेली असायची, आई वाटी खाली ठेवायची. साखर भरून द्यायची बायको. मी तर कधी कधी वाटी उचलून धुवायला टाकायचो. गुळाच्या डब्याला खूण करणारा हाच मी! आमच्या तिघांच्याही डोक्यात ते गोड नव्हतंच. तो नैवेद्य होता. मला स्वतःला देवळातला पेढा कधी साखरेत मोजावासा वाटला नाही. प्रसाद बाधत नाही, हे आमच्या घराण्यातलं वैद्यकशास्त्र.

गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं. रागावले नाहीत. "साहेब, म्हशीचे मालकही असंच सांगतात. म्हैस ठणठणीत आहे म्हणतात, आणि मग घरातली म्हातारी बाहेर येते." आईने केलेला चहा ते शेवटपर्यंत प्यायले. साखर आणि डोळे सोडून बाकीचा विमा निघेल, म्हणाले. साखर आणि डोळे सोडून आम्हाला कशाचीच धास्ती नव्हती. विमा राहिला.

ते गेल्यावर मी आईला सांगितलं की वाटी बंद करावी लागेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आठवडाभर वॉचमनकडे पाहत होतो. "डॉक्टर असं म्हणाले? का तुझं तूच सांगतोयस? मला घेऊन चल."

सदाशिव पेठेत ती जिना चढून गेली आणि त्या एकमेव बाकावर न बसता थेट टेबलाशी उभी राहिली.

"चमचाभर दूधसाखरेने काय होतं?"

"डोळे जातात, आजी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कुत्रीच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि आईला बोलावून दाखवलं. डाव्या बुबुळात दुधाचा थेंब पडून पसरावा तसा ढग होता. आई बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"तिला काय चालेल तेवढं सांगा," ती म्हणाली. "मी देवाला तेच दाखवीन. नेम मोडायचा नाही."

डॉक्टर पहिल्यांदाच काही टोचून बोलले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "उकडलेली फरसबी."

"मीठ?"

"नको."

"नैवेद्याला मीठ वाढत नाहीतच," आई म्हणाली. दोघांचं पटलं.

तेव्हापासून आमच्या खंडोबाला फरसबी. पहिल्या दिवशी कुत्रीने वाटीचा वास घेतला आणि उंबऱ्यावरून आईकडे, मग माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी आपल्याला फसवतंय, हे तिला स्पष्ट दिसत होतं. मग खाल्लं. साखर हळूहळू उतरू लागली. मी दोनदा दुसऱ्या मशीनवर तपासून पाहिली, सवयीने.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पुन्हा टॉर्च मारला. डावा गेला होता. "उजवा स्वच्छ आहे. असाच राहील, असंच चालू ठेवलंत तर."

परतताना रिक्षात आई मध्ये, कुत्री तिच्या डावीकडे कडेला, आणि मी उजव्या कडेला.

"आधीच नीट सांगायचंस," आई म्हणाली.

"सांगितलं होतं. साखर नको म्हणून घरभर ओरडत होतो."

"साखर नको म्हणालास. नैवेद्य नको असं कुठे म्हणालास?"

डेक्कनच्या सिग्नलला कुत्री डोकं बाहेर काढायला लागली. रस्ता तिच्या डाव्या अंगाला होता, म्हणून तिला सगळी मान वळवून उजव्या डोळ्याने बघावं लागत होतं. आईने रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं, खाली उतरली, कुत्रीला उचलून माझ्या बाजूला आणलं आणि मला म्हणाली, "सरक तिकडे. तुला काय बघायचंय?"