सासूबाईंच्या आईचं नाव

माझ्या सासूबाईंचा जन्म मोंबासाचा. निमगाव सावासारख्या गावात हे सांगितलं की लोकांना थट्टाच वाटायची. त्यांचे वडील सुतार. आफ्रिकेत मोंबासाच्या बंदरावर कामाला गेले, बायकोला घेऊन गेले आणि परत आले ते फक्त लहान मुलीला घेऊन. आई तिकडेच वारली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. पहिलीबद्दल विचारलं की ते पायात चपला घालून बाहेर पडत. पुढे तेही गेले, सावत्र आईही गेली, आणि नाव सांगेल असं माणूसच उरलं नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. नव्वदचं दशक संपता संपता शाळेच्या रजिस्टरात मुलांच्या नावासोबत आईचंही नाव लिहायला सुरुवात झाली होती. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी तेच करत होते. शेजारी शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या आईचं काय लिव्हशील?"

दुसऱ्या दिवशी मी मोंबासाच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाला पत्र लिहिलं. नीट पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून कार्यालय, शहर आणि देश एवढंच घातलं. नवरा हसला, पण जुन्नरच्या पोस्टात ते त्यानंच नेऊन टाकलं.

कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. मृत्यूची नोंद हवी असेल तर मृत बाईचं नाव कळवा, असं त्यात होतं. आमच्याकडे नेमकं तेच तर नव्हतं. काही दिवस मी तो नाद सोडून दिला. मग एकदा वर्गात शिकवताना सुचलं, की आईचं नाव नसलं तरी बापाचं आहे. वारलेली बाई शोधण्याऐवजी जन्मलेली मुलगी शोधायची. सासूबाईंना जन्मसाल माहीत नव्हतं. वडील परतले त्या सालावरून मागे जात मी अंदाज कळवला. आता फी परदेशात भरायची कशी, हे बँकेत कुणाला सांगता येईना. नारायणगावच्या आमच्या गुजराती कापडवाल्याचे मेहुणे मोंबासात दुकान चालवायचे. त्यानं त्यांना फोन केला, आणि त्या भल्या माणसानं आमच्यासाठी तिथल्या कचेरीत खेटे घातले. त्यांचा चेहरा आम्ही आजवर पाहिलेला नाही.

पहिल्यांदा भलत्याच मुलीचा दाखला आला. बापाचं नाव तेच, आडनाव वेगळं. सासूबाईंनी तो माझ्या हातात परत दिला आणि पुन्हा लिही म्हणाल्या. दुसऱ्यांदा आला तो मात्र आमचा. मुलीच्या नावाची जागा रिकामी होती, बाप सुतार, आणि पुढे आईचं नाव. कारकुनाच्या कानांनी ऐकलं तसं त्यानं ते इंग्रजीत लिहिलेलं. दोन प्रकारे वाचता येत होतं. मी दोन्ही वाचून दाखवली. सासूबाई दिवसभर कधी एक, कधी दुसरं नाव म्हणून बघत होत्या.

नाव मिळाल्यावर मृत्यूचा दाखला लवकर आला. बाळंतपणात ताप भरून गेली होती. वय वाचलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आपल्या नातीएवढी व्हती गं." खाली खबर देणाऱ्याच्या जागी भावाचं नाव होतं, आडनावासकट. म्हणजे त्यांचा मामाही तिथेच होता. त्या आडनावाची सुतारांची घरं आंबेगाव तालुक्यातल्या पारगावात आहेत, असं नात्यातल्या एकानं सांगितलं.

आम्ही जीपने गेलो. कारखाना सुरू होता, रस्ताभर उसाच्या गाड्या उभ्या होत्या. त्या घरात एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते, मोंबासातल्या त्या भावाचे थोरले चिरंजीव. मी मुद्दाम नाव सांगितलं नाही. तुमची कुणी आत्या आफ्रिकेत वारली का, तिचं नाव काय, एवढंच विचारलं.

त्यांनी क्षणभरही न थांबता नाव सांगितलं. दोन्हींपैकी दुसरं. मी ते इथे लिहीत नाही, ते सासूबाईंचं आहे.

दाखले पाहून ते सासूबाईंकडे वळले. म्हणाले, आमच्या आजीनं जावयाला बोल लावला होता, पोरीला समुद्रापार नेऊन मारलीस म्हणून. तेव्हापासून जावई पारगावात फिरकले नाहीत. "आमचा बा त्यावर कधी बोलला न्हाई. आमी समजत व्हतो, ती पोर बी गेली," ते म्हणाले. मग काठी टेकत उठले आणि आतल्या बायकांना सांगितलं, "पावणी न्हाई ही. आपल्या आत्याची लेक हाय."

सासूबाईंची ओटी भरली. जेवताना त्यांना मधोमध बसवलं, आणि आत्या कशी होती, याबद्दल घरात जे जे ऐकिवात होतं ते सगळं त्यांना सांगितलं. ती उंच होती, डावखुरी होती. सासूबाईही डावखुऱ्या. परतताना जीपमध्ये त्या उजव्या हातानं डावा हात धरून बसल्या होत्या.

त्या दिवाळीत भाऊबीजेला त्या हट्टानं एकट्याच एसटीने पारगावला गेल्या. भावाला ओवाळून आल्या त्या नवं हिरवं लुगडं नेसूनच. ते लुगडं त्यांनी आठवडाभर उतरवलं नाही. वाटेत कुणी विचारलं की थांबायच्या आणि मान ताठ करून सांगायच्या, "मामाच्या घरचं हाय."