मोठ्या मायचा गवताळ बांध

उन्हाळ्यात मोठ्या मायच्या रानात पाय ठेवायचा तर आधी काडेपेटी तिच्या हातात द्यावी लागे. सोयरा असो की सरपंच, बिडी ओढणाऱ्या प्रत्येकापुढे ती बांधावरच हात पसरायची. "काडी दे आन् मंग ये." जमलेल्या पेट्या तिच्या लुगड्याच्या ओच्यात खुळखुळत असत. जाताना ज्याची त्याला परत मिळे. पण भरलेली कुणाची आणि अर्धी कुणाची यावरून बाप्ये भांडत, आणि ते भांडण तिला भारी आवडायचं.

मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती. लिंबागणेश गावाच्या अलीकडे डोंगरउतारावर तिचं रान, त्याच्या खाली आमचं, मधे एक बांध. आमच्याकडे पेरणीआधी बांध पेटवून, खरडून लख्ख करतात. ज्याचा बांध स्वच्छ तो शेतकरी कामाचा. हिच्या बांधावर मात्र गुडघाभर गवत, उन्हाळ्यात एका ठिणगीने पेटेल असं. ती ते विळ्याने वरवर कापी, मुळाला कुणाला हात लावू देत नसे. लोक आळशी म्हणत. ती म्हणे, "पाणी पळाया लागलं की माती घिऊनच पळतंय. गवतातून त्याला चालाया लावायचं."

दसऱ्यानंतर ती आणि थोरले काका ऊसतोडीला जात. एका वर्षी ती परतायच्या आधी माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, वहिनीची माया आली. तिला लोकांनी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. त्यांनी मर मर मरून तिचा बांध पेटवला, खरडला, कुदळीने मुळंसुद्धा काढली. मोठी माय आली ती सरळ रानात गेली. अण्णा शाबासकीच्या आशेने मागे उभे. ती त्या काळ्या बांधावर मटकन बसली.

"भावजी, हे कावून केलं वो?"

"लोक हसतेत तुमाला, वहिनी."

"हसू द्या की. माजं रान उगडं पडलं. वीतभर माती हाय, खाली समदा मुरूम. ती गेली तर मरस्तोवर कोयताच न्हाई का हातात?"

वळवाचा पाऊस आला आणि तिचं म्हणणं खरं झालं. एरवी तिच्या रानातून खाली येणारं पाणी निवळ असायचं. या खेपेला चहासारखं उतरलं. वर मुरूम दिसायला लागला आणि तिची माती आमच्या विहिरीत जाऊन बसली. मला वाटलं, आता भाऊबंदकी पेटणार. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. पाऊस उघडल्यावर त्यांनी विहिरीतला गाळ उपसला आणि बैलगाडीने तिच्या रानात नेऊन टाकायला लागले. मोठी माय टोपलं घेऊन आलीच. "राग न्हाई भावजी. पर गवत तुमीच लावायचं."

डोंगरावरून गवताचे ठोंब आणून दोघांनी बांध पुन्हा धरला. गवत दाट व्हायला काही पावसाळे गेले. मग माती थांबली, ओल टिकायला लागली, कापलेल्या गवतावर शेळ्या पोसल्या, आणि एका दसऱ्याला मोठी माय आणि काका ऊसतोडीला गेलेच नाहीत. तिच्याइतका आनंद अण्णांना झाला होता.

पुढे तिचे गुडघे गेले तसा मुलगा तिला आणि काकांना केजला आपल्या घरी घेऊन गेला. रान अण्णा बटईने करायला लागले. जाताना तिने गवताचं इतक्यांदा बजावलं की अण्णा शेवटी चिडले.

यंदा वैशाखात ती कुणाला न सांगता जीपने आली. काठी टेकत बांधाशी पोचली. गवत वाळलेलं, पण जागच्या जागी उभं. अण्णा तरातरा पुढे आले आणि तिच्यासमोर हात पसरून उभे राहिले.

"काडी?"

"मला कशाला मागता वो?"

"समद्यालाच मागतो, वहिनी."

मोठी माय लई हसली. डोळे पुसले, आणि कमरेच्या पिशवीतून, मिसरी भाजायला ठेवलेली काडेपेटी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"जाताना ध्यानात ठिवून माघारी द्या," ती म्हणाली. "भरलेली हाय."